घरातलं माणूस वेगळं निघतं तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी शिक्षण, व्यसनमुक्ती, संघटन यावर बोलतो. यंदा आम्ही अशा विषयावर बोलणार आहोत, ज्यावर या विहारात आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. पोरंबाळं बसलीत म्हणून कुणी उठून जाऊ नये. वावगं काही बोलणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही रात्रपाळी करून घरी आलो, तर ओट्यावर एक ताई बसलेल्या. नाव-गाव सांगत नाही, कुणी विचारूही नका. पदरात दोन लेकरं. नवरा सरळमार्गी, दारू नाही, मारहाण नाही. त्याने आदल्या रात्री बायकोला सांगितलं की, "माझं शरीर पुरुषाचं आहे, पण आतून मी बाई आहे. लहानपणापासूनच. आता लपवणं सोसवत नाही." ताई आम्हाला म्हणाल्या, "दादा, माझ्यात काय कमी होतं?"

आम्ही काय केलं? आम्ही पडलो कार्यकर्ते! लगेच सल्ला दिला, "कुणाजवळ बोलू नका. चार दिवसांत डोक्यातून जाईल." वर त्या माणसाला जाऊन दम दिला, "दोन पोरांचा बाप तू, लाज नाही वाटत?" त्या माणसाने खाणंपिणं टाकलं. ताई वर्षभर मुकाट रडत राहिल्या, कारण तोंड बंद ठेवायला आम्हीच सांगितलं होतं. ही चूक आमची. ती कबूल करायलाच आज उभे आहोत.

मग आम्ही वाचायला लागलो. शिक्षण बेताचं, पण वाचायची सवय बाबासाहेबांनी लावलेली. त्यात बाबासाहेबांचाच एक खटला सापडला. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण उभे राहिले. ज्या विषयाची बाबासाहेबांना लाज वाटली नाही, त्याची आपण का बाळगावी?

आता धम्मात पाहू. विनयपिटकात एका भिक्खूची हकिगत आहे. त्याच्या शरीरावर स्त्रीची लक्षणं प्रकट झाली. भगवंतांनी त्याला हाकललं नाही. तीच उपसंपदा कायम ठेवून भिक्खुणींसोबत राहायला परवानगी दिली. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्याची कथा आहे. तो दोन मुलांचा बाप. पुढे बाई झाला, तक्षशिलेला गेला, लग्न केलं, दोन मुलांची आई झाला. कथेत हा बदल वाईट विचाराचं फळ म्हणून दाखवलाय. ते आम्ही मानत नाही. पण अडीच हजार वर्षांच्या परंपरेला अशी माणसं ठाऊक होती, एवढं त्यातून कळतं. हे काही सिनेमा-मोबाईलने आणलेलं खूळ नव्हे.

विज्ञान काय म्हणतं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगांच्या यादीत ही गोष्ट मानसिक आजारांतून काढून टाकली. म्हणजे हा वेडेपणा नाही, कुणाची करणी नाही. देवऋषी-भगताकडे नेणं हा तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला कलंक आहे. कायदा म्हणाल, तर १५ एप्रिल २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांना माणूस म्हणून हक्क आहेत असा निकाल दिला. त्या केसमध्ये आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी सामील होत्या.

पण बंधूंनो, आज आम्हाला बोलायचंय ते त्या घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल. जो बोलतो त्याचं ओझं थोडं हलकं होतं. जी ऐकते तिच्या डोक्यावर ते येऊन पडतं. तिने काय करावं?

पहिलं, स्वतःला दोष देऊ नये. नवरा लहानपणापासून तसा आहे. बायकोच्या रंगरूपाचा किंवा वागण्याचा त्यात संबंध नाही.

दुसरं, दुःख होणारच. माणूस जिवंत, समोर बसलेलं, आणि तरी आपलं काहीतरी मेल्यासारखं वाटतं. राग येतो, फसवलं असं वाटतं. तो राग खोटा नाही. दुःख आहे, हे मान्य करण्यापासूनच भगवंतांनी सुरुवात केली. आपण धरमतरच्या खाडीकाठची माणसं. भरती आली म्हणून कुणी घर सोडून पळत नाही आणि ओहोटी लागली की पुन्हा येणारच नाही असंही धरत नाही. मनाचंही तसंच. भरतीच्या घटकेला मोठा निर्णय घेऊ नये.

तिसरं, एक तरी विश्वासाचं माणूस धरावं. नवऱ्याचं गुपित गावभर करू नये, पण आपला जीवही गुदमरू देऊ नये. कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. सरकारने २०२२ साली सुरू केला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

चौथं, राहायचं की वेगळं व्हायचं, हे तिचं तिने ठरवावं. ब्रिटनमध्ये जॅन मॉरिस नावाची लेखिका होती. आधी पुरुष म्हणून जगलेली. १९४९ साली लग्न झालं, १९७२ साली शस्त्रक्रिया करून स्त्री झाली. तिथल्या कायद्यामुळे दोघींना घटस्फोट घ्यावा लागला, तरी पत्नी एलिझाबेथ एकाच घरात सोबत राहिली आणि २००८ साली दोघींनी पुन्हा नातं नोंदवलं. असंही होतं. पण प्रत्येकीला ते जमेल असं नाही. नवऱ्यात आता नवरा दिसत नाही, असं बाईला वाटलं तर तिचंही चुकत नाही. बायकांना घटस्फोटाचा हक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. परस्पर संमतीने वेगळं होण्याची वाट आज कायद्यात आहे. वेगळं व्हा, पण वैरी होऊ नका. लेकरांचं आईबापपण घटस्फोटाने सुटत नाही.

आणि आधी सांगितलेलं किती चांगलं, हेही बघा. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे आधी ललिता म्हणून वाढले. २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली, २०२० साली लग्न झालं, २०२४ साली मुलगा झाला. सगळं उघड होतं, बायकोने जाणूनबुजून हात धरला. आपण पोरांना दटावून, जबरीने बोहल्यावर चढवतो, म्हणून पुढे एका ताईच्या आयुष्याची राखरांगोळी होते. हा गुन्हा ना नवऱ्याचा, ना बायकोचा. आपल्या सगळ्यांच्या धाकाचा आहे.

त्या दोघांचं काय झालं? आम्ही पुन्हा गेलो, हात जोडून माफी मागितली. दोघं आज वेगळी राहतात. पोरं दोन्हीकडे जातात. त्या माणसाला 'ती' म्हटलेलं आवडतं, म्हणून आम्ही 'ती' म्हणतो. सुरुवातीला जीभ अडखळली, आता नाही. ताई मागच्या बुद्धपौर्णिमेला भेटल्या. म्हणाल्या, "दादा, अजून कधी कधी रडू येतं, पण आता लपून रडत नाही."

याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी आपण पाण्याला हात लावला. ज्यांना माणूस म्हणून नाकारलं होतं त्यांची ती लढाई होती. तीच आपली पोरं नाक्यावर कुणाला पाहून टाळ्या पिटत असतील, तर आपण चवदार तळ्याचं पाणी विसरलो. उद्या असं एखादं घर आपल्या आळीत निघालं, तर त्यांच्या दारात चहाला जा. विहाराचं दार त्या दोघांनाही उघडं ठेवा. एवढंच मागणं.

जय भीम! नमो बुद्धाय!