विमानाचा गोठा



ज्याचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, त्याने खासगी विमान स्वस्तात कसे ठेवावे यावर बोलावे, याचे आपल्याला हसू आले असेल. आमच्या चाळीत जिन्याखाली सायकल ठेवायची म्हटली तरी भांडण होते! पण मी गोदामात पोती वाहून मोठा झालो. माल वाटेत बिघडतो त्याहून अधिक तो ठेवण्यात बिघडतो, हे तिथे शिकलो. पुढे पुस्तके वाचू लागलो तेव्हा कळले की विमानाचेही तसेच आहे.

राईट बंधूंचेच पाहा. डेटन गावात सायकलींचे दुकान चालवणारी ही भावंडे. कॉलेजचे तोंड दोघांनीही पाहिले नव्हते. किटी हॉकजवळच्या वाळूत त्यांनी स्वतःच्या हातांनी फळ्यांची शेड उभारली. १९०२ साली तिच्यातच त्यांचे ग्लायडर, तिच्यातच चूल आणि वर आढ्याखाली बिछाने! १९०३ साली इंजिनाच्या विमानासाठी शेजारी दुसरी शेड बांधली. त्या वर्षी १७ डिसेंबरला ते विमान चार वेळा उडाले. शेवटचे उड्डाण ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे झाले. मग मंडळी बोलत उभी असताना वाऱ्याचा झोत आला आणि जमिनीवरचे विमान उलथून मोडले. ते पुन्हा कधी उडाले नाही. आकाशाने जे राखले, ते जमिनीवर गेले.

आज अमेरिकेत बेताच्या मिळकतीची माणसेही जुने लहान विमान बाळगतात. सेसना १७२ घ्या. पंखांचा पसारा सुमारे ३६ फूट, लांबी २७ फूट. एवढे छप्पर भाड्याने घेणे जड जाते. मग ती माणसे काय करतात?

पहिला उपाय, उघड्यावर बांधून ठेवण्याचा. दोन पंखांना दोन आणि शेपटीला एक असे तीन दोर, जमिनीत खोल रोवलेले आकडे, चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे. तागा-काथ्याच्या जातीचा दोर भिजला की आखडतो आणि पंखाला ओढ देतो. म्हणून नायलॉनचा घेतात. तोही उन्हाने कुजतो, तेव्हा वरचेवर तपासावा लागतो.

दुसरा उपाय, आच्छादनाचा. इथे आमचा हमालही सल्ला देईल. प्लास्टिकखाली आवळलेल्या पोत्यांना घाम सुटतो. तसाच विमानालाही सुटतो आणि धातू गंजतो. शिवाय आच्छादनाखाली धूळ राहिली की वाऱ्याने घासून समोरची काच खरवडते. म्हणून कापड हवा खेळू देणारे, आतून मऊ असावे, आणि घालण्यापूर्वी काच धुवावी.

तिसरा उपाय, छपराचा. चार खांब आणि वर पत्रा, एवढ्यानेही ऊन-पाऊस अडतो. पण २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणातली छपरे उडालेली आपण पाहिली. वारा पत्र्याला दाबतोच असे नाही, तो खालून उचलतो. म्हणून पायाशी काटकसर चालत नाही.

यात मला सर्वांत आवडली ती भागीदारीची शेड. विमान पुढे रुंद, मागे निमुळते, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखे. एकट्याने चौकोनी खोली बांधली तर शेपटीच्या दोन्ही बाजूंची जागा फुकट जाते. दहाजणांनी मिळून बांधताना विमाने पाठीला पाठ लावून, एकाची शेपटी दुसऱ्या दोघांच्या शेपट्यांमध्ये येईल अशी ठेवतात. भिंती सामाईक, छप्पर एक, खर्च वाटून. संघटनेचे तत्त्व याहून सोप्या शब्दांत मला कधी सांगता आले नाही!

आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. विमानाच्या अंगावर हवेचा वेग मोजणारी एक बारीक नळी असते. विमान उभे असताना तिच्यावर कापडी टोपी घालतात. ती घरीही शिवता येते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकात एक बोइंग ७५७ समुद्रात पडले, १८९ माणसे गेली. ते काही आठवडे उभे होते आणि नळ्यांवर टोप्या नव्हत्या. मातीचे घर करणाऱ्या माशीने नळी बुजवली असावी, असा चौकशीचा कल होता. नळीने वेग खोटा सांगितला, आणि पुढचे सारे चुकत गेले.

मित्रहो, आमच्या गोदामात एकदा झिजलेला दोर बदलला नाही. थप्पी कोसळली आणि माझ्या जोडीदाराचा पाय गेला. मालकाने त्याला काटकसर म्हटले होते. काटकसर करणारा पैसा वाचवतो आणि त्याजागी आपले हात, आपला वेळ घालतो. हयगय करणारा पैसाही वाचवतो आणि हातही. तिची किंमत मात्र बहुधा दुसराच कोणी भरतो. विमान असो वा पोत्यांची थप्पी, स्वस्तात जरूर ठेवा. पण संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी दोर स्वतःच्या हाताने ओढून पाहा.