शाळेच्या ओसरीवरचे मूल
(मठाच्या वर्धापनोत्सवात केलेले भाषण)



मठाच्या वर्धापनोत्सवात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, हे मी माझे भाग्य समजतो. मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरील खेड्यांतून प्राथमिक शिक्षक म्हणून माझे आयुष्य गेले. त्या अनुभवाच्या आधारेच बोलतो. मठाच्या प्राथमिक शाळेला जोडून शिशुवर्ग काढावा, असा विचार सध्या चालू आहे. तो स्तुत्यच आहे. तथापि हा वर्ग कोणासाठी व कशासाठी, याचा निर्णय आधी झाला पाहिजे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. दुसरीच्या वर्गातील एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येत असे. आई तुरीच्या राशीला गेलेली. मूल सांभाळणार कोण? ते मध्येच रडे, कोणाची पाटी ओढी, आणि पाठाचा विचका होई. एके दिवशी मी तिला म्हणालो, "बाळ, उद्यापासून याला घरी ठेवून येत जा." भाऊ घरी राहिला, आणि त्याला सांभाळण्यासाठी तीही घरीच राहिली. ती पुन्हा शाळेत आली नाही. वर्गाची शिस्त राखली, असे मला त्या वेळी वाटले; वस्तुतः मी एका मुलीचे शिक्षण संपविले होते.

पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याची ओळख झाली, तेव्हा माझ्या चुकीचे उत्तर सापडले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. आणि थोरली भावंडे धाकट्यांपायी घरी अडकतात हे पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभारली. तान्हे पाळण्यात, मधले खेळात, थोरली पाठात, आणि सर्वजण हाकेच्या अंतरावर! मी ज्या मुलीला दार दाखविले, तिला तेथे दार उघडे होते.

सरकारनेही ही वाट धरली आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या प्रयत्नांचे उद्दिष्ट ठरविले. परंतु २००९ च्या कायद्याने दिलेला शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२४ मध्ये आपल्या कल्याण कर्नाटकातील सरकारी प्राथमिक शाळांत एल.के.जी. व यू.के.जी.चे वर्ग काढण्याचे ठरले, तेव्हा अंगणवाडीच्या भगिनी विरोधासाठी पुढे आल्या. मुले शाळेत गेली तर अंगणवाडीत राहणार कोण, हा त्यांचा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नव्हे. वर्ग भरतो काही तास. मुलाची भूक व झोप यांना मात्र वेळापत्रक नसते.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या शिशुवर्गात शिक्षण आणि संगोपन यांची फारकत होऊ नये. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून अक्षरे गिरवून घेणे, याला शिक्षण म्हणता येत नाही. त्या बोटांनी तुरीचे व ज्वारीचे दाणे निवडावेत, मातीचे बैल करावेत, पाणी ओतावे, सांडावे आणि पुसावे. हात असा तयार झाला की लेखणी आपोआप पेलते.

दुसरी गोष्ट भाषेची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले, भालकी, औराद अलीकडे राहिले. परंतु घराघरांतील भाषा सीमा पाहून बदलल्या नाहीत. कोणाची आई मराठी बोलते, कोणाची कन्नड, कोणाची लंबाणी, कोणाची दखनी. निजामी राजवटीत भालकीच्या चन्नबसव पट्टद्देवरांनी दारावर उर्दू फलक लावून आत कन्नड शिकविले, ही आठवण या भागात आदराने सांगतात. मुलाच्या भाषेसाठी एका मठाने केवढे धाडस केले! मग आपल्या शिशुवर्गातील बाईंना रडणाऱ्या मुलाची भाषा समजू नये, हे कसे चालेल? कन्नड त्याला शिकवावीच, ती या भूमीची भाषा आहे. पण त्याचे अश्रू त्याच्याच भाषेत पुसावेत.

आता प्रत्यक्ष सूचना. गावच्या अंगणवाडीची मुले ओढून न घेता, तिलाच शाळेच्या आवारात जागा देता येईल काय, हे संबंधितांशी बोलून पाहावे. सुगीच्या दिवसांत आई शेतातून परतेपर्यंत वर्ग उघडा ठेवावा. तान्ह्यांसाठी एक खोली, चार झोळ्या आणि एक प्रेमळ मदतनीस बाई असावी; तिला मानाने वेतन द्यावे. सेवेच्या नावाखाली गरीब स्त्रीचे श्रम फुकट घेणे मठाला शोभणार नाही. या उत्सवाच्या निधीतून महाद्वाराची कमान बांधण्याचा संकल्प आहे, हे मी जाणतो. स्वामीजींनी क्षमा करावी. कमान दोन वर्षांनी झाली तरी चालेल, परंतु तीन वर्षांचे मूल दोन वर्षे थांबणार नाही.

आपल्या दासोहात पंक्तीला बसणाऱ्याला, तू कोणाचा, असे कोणी विचारीत नाही. तोच न्याय शाळेच्या ओसरीलाही लागू व्हावा. उद्या एखादी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली, तर आपल्या गुरुजींनी तिला म्हणावे, "ये बाळ, त्यालाही आत घेऊन ये." माझ्या तोंडून जे वाक्य निघाले नाही, ते या शाळेत रोज ऐकू यावे, एवढीच मठाच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.