कढई उतरल्यानंतर

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी दुग्धतंत्रज्ञानाची पदविका घेतलेला, राज्य शासनाच्या नोकरीतला माणूस. इंदूरकरांना गोडाविषयी मी काय सांगणार? सराफ्यातली रबडी, शिकंजी आणि घरची बासुंदी यांवरच आपण वाढलो. तरी दोन गोष्टी सांगतो.

आपल्याकडे एक समजूत आहे, ‘तासभर दूध आटवलं, आता कसले जंतू?’ आटवताना बहुतेक जंतू मरतात, हे खरे. पण खरी काळजी कढई उतरल्यावर घ्यायची असते. डाव, भांडे, पुसायचे फडके आणि आपले हात यांतून जंतू पुन्हा शिरतात. कोमट बासुंदी म्हणजे त्यांना पंगतच! अनुकूल उबेत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करून पाहा, एकाचे ६ तासांत अडीच लाखांवर जातात.

त्यांतला एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो आपल्या नाकात, हातावरच्या जखमेत असतो. खव्यात किंवा रबडीत वाढला की विष तयार करतो. पुन्हा उकळले तर जंतू मरतो, विष मात्र राहते. चवीला, वासाला काही कळत नाही. १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस सहसा दिवसभरात सावरतो. पण लहान मुले आणि वृद्ध यांच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. आणि प्रसादाला पहिला हात त्यांचाच पुढे येतो.

बाजारातून आणताना पाहा. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ताटावर ती कधीपर्यंत खावी, ती तारीख लिहिणे बंधनकारक करण्यात आले होते. दिसली नाही तर विचारा. त्यात संकोच कसला? साखर जास्त आणि पाणी कमी असलेला पेढा त्यातल्या त्यात टिकतो. रबडी, बासुंदी नाजूक. श्रीखंड आंबट असल्याने हे जंतू त्यात फारसे वाढत नाहीत, पण बुरशी येते. म्हणून चक्क्याचे फडके उकळून, उन्हात वाळवलेलेच हवे.

मंडळाला माझी विनंती अशी : बासुंदी पसरट भांड्यांत लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, ५ अंशांखाली ठेवावी. नैवेद्यापुरते मोदक मूर्तीपुढे, बाकीचे वाटपापर्यंत थंडच राहू द्यावेत. ज्यांच्या हाताला जखम आहे किंवा पोट बिघडले आहे, त्यांनी त्या दिवशी सतरंज्या, आरतीची तयारी पाहावी. बाहेर राहिलेले दुधाचे गोड दुसऱ्या दिवशी वाटू नये.

टाकायला जीव होत नाही, हे मलाही कळते. पण प्रसादाला आपण नाही म्हणत नाही. हात पुढे करतो, कपाळाला लावतो आणि तोंडात टाकतो. घेणारा इतक्या विश्वासाने घेतो, तेव्हा पारखून घेण्याचे काम देणाऱ्याचेच.

गणपती बाप्पा मोरया!