बालकाचा खेळ : वेळेचा अपव्यय की शिक्षण?
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



परीक्षांचे निकाल आणि शिष्यवृत्त्या यांविषयी बोलणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला आज बोलायचे आहे ते तीन ते सात वर्षांच्या मुलांविषयी. त्यांचा निकाल अजून कोठेच लागत नाही, आणि तरीही परीक्षेचे भय आपण त्यांच्यापर्यंत नेऊन पोचविले आहे.

आपल्या समाजात शिक्षणाची ओढ वाढली आहे ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. ज्या घरात आजोबांनी कागदावर अंगठा उठविला, त्या घरातील नात आज कॉलेजात जाते. परंतु ही ओढ आता खाली उतरत उतरत पाळण्याच्या काठाशी आली आहे. चार वर्षांच्या मुलाचा दिवस कसा जातो तो पाहा. सकाळी मक्तब, मग केजीचा वर्ग, दुपारी जेवून जरा डोळा लागतो न लागतो तो शिकवणी, आणि रात्री दिव्याखाली गृहपाठ. ‘हा खेळतो केव्हा?’ असे विचारले तर वडील म्हणतात, ‘खेळून का पोट भरणार आहे?’

प्रश्न रास्त आहे. कष्ट करून फी भरणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर त्याला मिळाले पाहिजे.

आपल्याच घरातील खेळ घ्या. मुली ओसरीवर पाच सागरगोटे घेऊन बसतात. एक वर उडवायचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे उचलायचे. प्रथम एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चार या संख्येचे किती प्रकारे भाग पडतात हे त्या मुलीच्या बोटांना पाटी हातात येण्यापूर्वीच कळलेले असते. नजर वर, हात खाली, मनात मोजणी. इतक्या गोष्टी एका वेळी साधायला लावणारा धडा बालवर्गाच्या पुस्तकात मला तरी आढळलेला नाही. विटीदांडूत विटी किती लांब गेली हे दांडूने मोजतात. मोजमाप म्हणजे एकच माप पुन्हा पुन्हा ठेवीत जाणे, ही गोष्ट तेथे भांडून भांडून पक्की होते, कारण मध्ये जागा सोडली की प्रतिस्पर्धी ओरडतो.

आणि भातुकली! मातीची भाकरी, पानांची भाजी, एक जण अम्मी, एक जण पाहुणा. ज्याला पाहुणा केले आहे त्याला भूक लागली तरी ‘पुरे, पुरे’ म्हणावे लागते. रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की (१८९६-१९३४) यांनी या लुटुपुटीच्या खेळाला फार मोठे स्थान दिले. मूल काठीला घोडा म्हणते तेव्हा ते वस्तू आणि तिचा अर्थ यांना प्रथमच वेगळे करते. पुढे ‘क’ या रेघोट्यांना आवाज आणि ‘५’ या खुणेला संख्या मानायची असते, त्याची ही पूर्वतयारी होय. शिवाय खेळातील नियम मूल स्वतःहून पाळते. एरवी दोन मिनिटे स्थिर न बसणारा मुलगा पहारेकरी झाला की खांबासारखा उभा राहतो.

हा विचार काही नवा नाही. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. आपण ज्याला केजी म्हणतो ते हेच. चेंडू, ठोकळे आणि गाणी यांच्या त्या बागेत आपण वही, पेन्सिल आणि छडी केव्हा नेली, हा संशोधनाचा विषय आहे! रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी गरीब कामगारांच्या वस्तीत बालगृह उघडले. गुजरातेत भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी हे शिक्षण महाराष्ट्राच्या खेड्यात आणले.

ताराबाईंच्या कामाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या परिस्थितीला जवळचे आहे. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून दोघींचे काम जवळच्याच कोसबाड येथे, वारली आदिवासींच्या मुलुखात, चालले. माँटेसरींची साधने महाग आणि परदेशी घडणीची. खेड्यात ती कोण घेणार? मग शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगणातच वर्ग भरविला; ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा काढली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द साऱ्या देशाचा झाला. शिक्षण पैशाने अडते असे आपण म्हणतो तेव्हा मला कोसबाडचे खडे आठवतात.

आपल्या परंपरेतही हा विचार आहे, हे येथे नमूद करणे योग्य होईल. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’ या ग्रंथात मुलांच्या तालमीविषयी लिहिताना, मक्तबातून सुटलेल्या मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, असे सांगितले आहे. सतत अभ्यासाला जुंपून खेळ बंद केला तर मुलाचे मन मरते, बुद्धी बोथट होते आणि ते शिक्षणातून सुटण्याच्या युक्त्या शोधू लागते, असा त्यांचा आशय आहे. हे नऊशे वर्षांपूर्वीचे लिखाण आहे. त्या युक्त्या आजही त्याच आहेत : पोट दुखते, डोके दुखते, पेन्सिल हरवली.

आता प्रेरणेकडे वळू. ‘पहिला आलास तर सायकल’, ‘दहा पाने लिहिलीस तर चॉकलेट’. हे आपण सर्वजण प्रेमानेच करतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी एक प्रयोग केला आणि तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याचा मुळातच शौक होता अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, ‘चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल.’ काहींना काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा ती पेने ठेवली. बक्षिसाच्या कबुलीवर ज्यांनी चित्रे काढली होती, ती मुले आता इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत होती. जो आनंद होता तो मजुरीचे काम झाला होता, आणि मजुरी बंद झाल्यावर काम कोण करील?

यावरून बक्षीस देऊच नये असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्राने कोणाचा शौक कमी झाला नव्हता. जे काम मुलाला मुळीच आवडत नाही त्याची सुरुवात करून देण्यासाठीही कधी एखादे आमिष चालून जाते. पण ज्याची गोडी आधीच आहे त्याला किंमत लावू नका. मुलाने डोंगराचे चित्र आणून दाखविले तर ‘शाबास, हे घे दहा रुपये’ म्हणण्यापेक्षा ‘हा डोंगर लाल का केलास रे?’ असे विचारा. ते अर्धा तास सांगत बसेल, आणि उद्या पुन्हा काढील. मोठ्या विद्यार्थ्यांनीही हे स्वतःशी ताडून पाहावे. गुणांखेरीज दुसऱ्या कोणत्या कारणासाठी तुम्ही शेवटचे पुस्तक केव्हा उघडलेत?

लहान मूल विचार करते काय? स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी या प्रश्नाला आयुष्य वाहिले. नाण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या. मूल म्हणते, दोन्हींत सारखी. मग त्याच्यासमोर एका ओळीतील नाणी दूर दूर सरकवायची आणि पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणते, लांब ओळीत जास्त. पण स्कॉटलंडच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी मॅकगॅरिगल यांनी १९७४ साली यात एक गंमत केली. ओळ विस्कटण्याचे काम एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाला दिले. तेव्हा पुष्कळ अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटते, आपले पहिले उत्तर चुकले असावे. अस्वलाच्या खोडीत तसा धाक नसतो.

हे ऐकल्यावर आपल्या घरातील प्रश्नोत्तरे आठवा. पाहुणे आले की ‘बोल, सेव्हन प्लस टू किती?’ मूल आपल्या तोंडाकडे पाहते. ते सात आणि दोनचा विचार करीत नसते. अब्बांना काय हवे आहे याचा विचार करीत असते. असा विचार करण्याची सवय लागली की पुढे पंधरा वर्षे ती सुटत नाही.

मुलाचा खरा विचार त्याच्या ‘का?’मध्ये असतो, आणि ते ‘का’ घरच्या बोलीत येते. ती कोकणी असो, दखनी असो, उर्दू असो की मराठी, त्याच बोलीत त्याला उत्तर द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळावर आधारलेल्या शिक्षणाचा आग्रह धरला आहे. मोबाइल हातात दिला की मूल गप्प बसते हे खरे. पण गप्प बसणे हा तीन वर्षांच्या मुलाचा गुण नव्हे.

खेळणी महाग हवीत असेही नाही. आखाती देशातून सुटीवर आलेले वडील पेटीभर बॅटरीची खेळणी आणतात. कळ दाबली की मोटार धावते, दिवे लागतात. खेळणे खेळते आणि मूल बघत बसते. दुसऱ्या दिवशी ते मोटार उघडून पाहते आणि मार खाते. वास्तविक तेव्हाच ते त्या मोटारीशी पहिल्यांदा खेळत असते.

आयाभगिनींना एक विनंती. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या कडेवर धाकटे भावंड येते आणि तिचे सागरगोटे फळीवर जातात. भाऊ मात्र अंधार पडेपर्यंत बाहेर असतो. तिलाही तेवढाच तास द्या.

लिहिण्याची घाई करू नका. कणकेचा गोळा मळणे, मटार सोलणे, मणी ओवणे यांनी बोटांत ताकद येते. मग पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

आणि विद्यार्थी मित्रहो, थोडे काम तुमच्यासाठीही आहे. संस्थेच्या बालवर्गासाठी रिकामे खोके, बाटल्यांची झाकणे, करवंट्या, शिंपले, जुन्या ओढण्यांचे तुकडे आणि चिंचोके गोळा करून धुऊन-वाळवून आणा. चिंचोके आणि मणी वेगळ्या डब्यात ठेवा आणि तो डबा वरच्या फळीवर राहू द्या. तीन वर्षांच्या आतील मुले ते नाका-तोंडात घालतात, तेव्हा तो डबा बाईंच्या हातूनच खाली यावा.