जमीन, मोबदला आणि लोकमत
(तोयोसु येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





ज्या भूमीवर आज आपण जमलो आहोत, ती शंभर वर्षांपूर्वी भूमी नव्हती. तेथे समुद्र होता. १९२३ च्या महाभूकंपानंतर टोकियोत साठलेला राडारोडा टाकून हा भाग भरण्यात आला आणि १९३७ साली त्याला तोयोसु हे नाव मिळाले. पुढे येथे जहाजबांधणीचा कारखाना आला, १९५६ पासून १९८८ पर्यंत गॅसचा कारखाना चालला. कारखाने गेले आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. आपल्यापैकी अनेक कुटुंबे अशाच इमारतींतून राहतात. म्हणून 'सार्वजनिक कामासाठी जमीन कोणी द्यावी आणि सार्वजनिक सोयींचा खर्च कोणी सोसावा' हा आजचा विषय आपल्याला परका नाही.

इमारती आल्या म्हणजे माणसे येतात, आणि माणसांबरोबर मुले येतात. या शतकाच्या आरंभी येथील कोतो प्रभागात घरे इतक्या वेगाने वाढली की शाळांत जागा उरेना. तेव्हा प्रभाग प्रशासनाने बांधकामावर काही वर्षे नियंत्रण आणले आणि मोठ्या गृहप्रकल्पांच्या विकासकांकडे सार्वजनिक सुविधांसाठी सहकार्य निधीची मागणी केली. २००७ मध्ये तोयोसु उत्तर आणि २०१५ मध्ये तोयोसु पश्चिम ही प्राथमिक शाळा सुरू झाली. जो घरे विकून नफा कमावतो, त्याने त्या घरांतील मुलांच्या शाळेचा काही भार उचलावा, ही अपेक्षा कोणत्याही सामान्य नागरिकाला न्याय्यच वाटेल.

परंतु न्याय्य अपेक्षा आणि कायदेशीर सक्ती यांत अंतर आहे. टोकियोजवळच्या मुसाशिनो नगरपालिकेने १९७१ साली विकासकांसाठी मार्गदर्शक नियमावली केली आणि तीनुसार शाळांसाठी रक्कम मागितली. तिचे पालन न करणाऱ्यास पाणीपुरवठा नाकारण्यापर्यंत गोष्ट गेली. १९९३ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा रीतीने देणगी देण्यास भाग पाडणे बेकायदेशीर ठरवले. हेतू कितीही लोकहिताचा असो, शासनाचा हात कायद्याच्या मर्यादेतच चालला पाहिजे, हा त्याचा बोध आहे. घटनात्मक नीतीचा संस्कार ज्यांच्यावर झाला आहे, त्या आपल्यासारख्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

तोयोसुचे दुसरे उदाहरण मासळी बाजाराचे. महानगर शासनाने गॅस कारखान्याची जमीन घेतली. २००८ च्या तपासणीत तेथील मातीत बेंझिन हे विषारी द्रव्य मर्यादेच्या ४३,००० पट आढळले. शुद्धीकरणावर सुमारे ८६ अब्ज येन खर्ची पडले. त्यांपैकी गॅस कंपनीने उचलले ७.८ अब्ज. नागरिकांच्या तीव्र शंकांमुळे २०१६ मध्ये स्थलांतर लांबणीवर पडले आणि ११ ऑक्टोबर २०१८ रोजी बाजार सुरू झाला. जमिनीचा लाभ एकाने घ्यावा आणि तिच्या दोषाचा भार बव्हंशी सर्वांनी वाहावा, असे येथेही घडते.

सक्तीच्या संपादनाचा या देशाचा अनुभव याहून कडू आहे. १९६६ साली मंत्रिमंडळाने नारिता परिसरातील शेतकऱ्यांना विश्वासात न घेता विमानतळाची जागा ठरवली. १९७१ मध्ये जमिनी बळाने ताब्यात घेताना जो संघर्ष झाला, त्यात तीन पोलिसांचे प्राण गेले. विमानतळ १९७८ साली उघडला. पण सक्तीचा मार्ग सोडून शेतकऱ्यांबरोबर समोरासमोर बसण्याचे शहाणपण शासनाला १९९० नंतर सुचले. जे आरंभी विचारायचे, ते पंचवीस वर्षांनी विचारले गेले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. जमीन देणारा विकासाचा भागीदार आहे, ही त्यातील मोलाची कल्पना. पुढे रायगडमधील विशेष आर्थिक क्षेत्रासाठी २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. जमीन घेण्यापूर्वी शासनाने लोकांना मतपेटीजवळ बोलावले, ही लहान गोष्ट नव्हती.

तथापि, बंधूंनो, दोन्ही ठिकाणी एक प्रश्न मागे उरला. साडेबारा टक्के कशाचे? दिलेल्या जमिनीचे. मत कोणाचे? ज्याच्या नावे जमीन, त्याचे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याने काय करावे? गावाच्या कडेला गायरानावर झोपडी बांधून तीन पिढ्या राहिलेला, दुसऱ्याच्या शेतावर राबलेला मजूर हा मोबदल्याच्या हिशेबात कोठे बसतो? १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्यांचा गाभा हाच होता. बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याने मोबदला देऊन ताब्यात घ्यावी आणि जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना कसण्यास द्यावी, असे सुचवले होते. म्हणजे जमीन घेण्याच्या राज्याच्या अधिकाराला त्यांचा विरोध नव्हता. ती कोणासाठी घेतली जाते, हा त्यांचा प्रश्न होता.

१८९४ च्या कायद्याच्या जागी आलेला २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीत ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती त्यात सांगितली आहे. सामाजिक परिणामांची तपासणी आणि जनसुनावणी आहे. आणि विशेष म्हणजे, जमीन नसलेले परंतु संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबून पोट भरणारे शेतमजूर, कुळे व कारागीर यांचीही गणना बाधित कुटुंबांत होते. मात्र राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे अशा अनेक कामांना संमतीची अट लागू नाही, आणि महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने आणखी काही प्रकल्प तीतून वगळले. अधिकार कागदावर आला तरी पळवाटही त्याच कागदावर असते.

म्हणून परदेशस्थ बांधवांना माझी विनंती आहे. आपल्या गावी भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली, तर हरकतीसाठी साठ दिवस असतात. गावातील वडीलधाऱ्यांना ती नोटीस वाचून दाखवणारा कोणी असेलच असे नाही. तो आपण व्हावे. रहिवासाचे, मजुरीचे, घरपट्टीचे पुरावे आताच गोळा करून ठेवावेत. आणि त्याच गावाजवळ आपण सदनिका घेणार असू, तर विकासकाला दराबरोबर हेही विचारावे की ही जमीन कोणाकडून आली आणि शाळा, रस्ता, पाणी यांसाठी त्याने काय दिले.

विकासाला आपला विरोध नाही. आपणही त्याचीच फळे चाखत आहोत. परंतु ज्याची जमीन जाते त्याला विचारले पाहिजे, ज्याला नफा होतो त्याने सोयींचा वाटा उचलला पाहिजे, आणि ज्याच्याजवळ जमीनही नाही व नफाही नाही, त्याचे नाव यादीत सर्वांत आधी लिहिले पाहिजे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जयभीम.