खण कां अडकतो?

जुन्या मेजाचा रुंद खण ज्यानें ओढून पाहिला आहे, त्याला यंत्रशास्त्रांतील एक महत्त्वाचें प्रमेय ठाऊक असतें. मात्र तें आपणांस ठाऊक आहे याची त्याला दाद नसते. अशा खणाला दोन मुठी असतात. घाईघाईनें एकच मूठ धरून ओढली कीं खण तिरपा होतो, बाजूच्या पट्ट्यांत रुतून बसतो आणि मग कितीहि जोर केला तरी हालत नाहीं. उलट अरुंद व खोल खण एका बोटानें सरळ बाहेर येतो. लांकूड तेंच आणि सुतारहि तोच. फरक एवढाच कीं एकाची रुंदी त्याच्या खोलीहून पुष्कळ अधिक आहे. जी वस्तु पट्ट्यांवर सरकावयाची, तिला सरकण्याच्या दिशेनें जितका लांब आधार, तितकी ती कमी तिरपी होते.

घरीं बांधलेल्या सीएनसी राऊटरचें सारें दुखणें या खणांत आहे. सीएनसी म्हणजे संगणकानें आंकड्यांच्या आज्ञा द्याव्या व यंत्रानें त्याप्रमाणें हत्यार फिरवावें अशी योजना. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें १९५२ मध्यें असें यंत्र लोकांस दाखविलें, तेव्हां त्याचा नियंत्रक निर्वात नळ्यांनीं भरलेला असून खुद्द यंत्राहून अधिक जागा अडवीत असे. आज तोच नियंत्रक तळहातावर मावतो. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. कलबागांनीं १९८३ मध्यें स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत २००२ सालीं ‘फॅब लॅब’ निघाली आणि खेड्यांतील मुलांच्या हातीं संगणकानें चालणारीं हत्यारें आलीं. मुंबईंत २०१३ मध्यें सुरू झालेली ‘मेकर्स असायलम’ ही हौशी कारागिरांची कर्मशाळा कांहीं वर्षें अंधेरीस होती. पुढें ती गोव्यास गेली. उपनगरांतील गाळ्यांतून देव्हाऱ्याची जाळी किंवा दारावरची नांवाची पाटी याच जातीच्या यंत्रावर कापून मिळते. तेव्हां बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या तरुण कारागिरास असें यंत्र आपणच बांधावें असें वाटलें तर नवल नाहीं. लॅमिंग्टन रोडवरून नियंत्रक आणावा, नागदेवी स्ट्रीटवरून बेअरिंगें घ्यावीं, आणि मीटरभर लांबीच्या पोलादी रेली लोकलच्या मालडब्यांतून घरीं न्याव्या, कीं अर्धें काम झालें असें त्यास वाटतें.

उरलेलें अर्धें काम मात्र पैशानें होत नाहीं.

या यंत्राची रचना अगदीं साधी आहे. कापावयाची फळी खालच्या पलंगावर निजते. पलंगाच्या दोन कडांवर दोन रेली. त्यांवर दोन पाय टेकून एक कमान पुढेंमागें सरकते. तिलाच गॅन्ट्री म्हणतात. कमानीच्या आडव्या तुळईवर स्पिंडल, म्हणजे फिरत्या हत्याराचें डोकें, डावीउजवीकडे सरकतें. विक्रोळीच्या किंवा मरोळच्या कारखान्यांत छपराखालीं फिरणारी यारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें चित्र ओळखीचें वाटेल. यारी बांधणारांत एक जुना दंडक आहे: दोन रेलींमधील अंतर जेवढें असेल, त्याचा निदान सातवा हिस्सा तरी एका बाजूच्या पुढच्यामागच्या चाकांत अंतर असावें. नाहीं तर यारी तिरपी धांवते. म्हणजे पुन्हा खणच! आणि यारीला फक्त ओझें उचलावयाचें असतें; राऊटरला केसाच्या जाडीइतकी अचूक रेघ कोरावयाची असते. त्याला सातवा हिस्सा कोठून पुरणार? निदान तिसरा हिस्सा तरी हवा.

नवखा कारागीर बहुधा दोन ठिकाणीं फसतो. पहिलें ठिकाण गोल सळयांचें. सळया स्वस्त, गुळगुळीत आणि दिसावयास भक्कम. पण ८०० मि.मी. लांबीच्या, १६ मि.मी. जाडीच्या दोन सळया केवळ टोकांशीं टेकवून मध्यभागीं दहा किलो वजनाइतका जोर दिला, तर त्या सुमारें ०.८ मि.मी. वांकतात. त्याच लांबीची ८० मि.मी. चौरस, ३ मि.मी. जाड पत्र्याची पोलादी नळी तेवढ्याच जोराखालीं अवघी ०.००६ मि.मी. वांकते. फरक शंभरपटीहून अधिक आहे. कारण वांकण्याचा विरोध वजनापेक्षां आकारावर अधिक अवलंबून असतो. पोलाद मध्यापासून जितकें दूर, तितकें तें अधिक उपयोगी. बांबू पोकळ असूनहि ताठ उभा राहतो, याचेंहि कारण हेंच.

नळी घेतली तर ती बंद असावी. कागदाची सुरळी करून कड न चिकटवितां पिळून पाहावी. ती सहज पिळली जाते. तीच कड खळीनें चिकटवून वाळूं द्यावी आणि पुन्हा पिळावी. कागद तोच, पण हाताला निराळाच अनुभव येतो. राऊटरचें हत्यार तुळईच्या खालीं लोंबत असल्यामुळें तें फळींत शिरतांच तुळईस पिळ बसतो. म्हणून उघडें चॅनेल कामाचें नाहीं.

फसण्याचें दुसरें ठिकाण अधिक नाजूक आहे, कारण तें डोळ्यांस दिसत नाहीं. भक्कम तुळई घेतल्यावर कारागीर निश्चिंत होतो. आणि बेअरिंगें मात्र एकमेकांस जवळजवळ चिकटवून बसवितो. समजा, स्पिंडलच्या पाटीवरील वरची व खालची बेअरिंगें ६० मि.मी. अंतरावर आहेत आणि हत्याराचें टोक त्यांच्या मध्यापासून १५० मि.मी. खालीं आहे. बेअरिंगांत मिळून ०.०४ मि.मी. ढिलाई असली तर टोकाशीं ती ०.१ मि.मी. होते. अंतर दुप्पट केलें तर ही चूक निम्मी होते. ढिलाईखेरीज बेअरिंगें जोराखालीं थोडीं दबतातहि. त्या दबण्याचा हिशेब याहून मौजेचा आहे: अंतर दुप्पट केलें कीं प्रत्येक बेअरिंगावरचा भार निम्मा होतो, आणि त्या निम्म्या दबण्यानें होणारा तिरपेपणाहि पुन्हा निम्मा होतो. म्हणजे टोकाचें हालणें एकदम चौथ्या हिश्शावर येतें. इतका मोठा लाभ बाजारांतून विकत घेतां येत नाहीं. टीएचके या जपानी कंपनीनें १९७२ मध्यें बाजारांत आणलेल्या गोळ्यांच्या रेली आतां निरनिराळ्या घराण्यांच्या मिळतात व त्या उत्तम असतात. पण उत्तम बेअरिंगेंहि जवळजवळ बसविलीं तर त्यांचें उत्तमत्व वायां जातें.

मग सारेच तीं दूर दूर कां बसवीत नाहींत? जागेमुळें. रेल १००० मि.मी. लांब आणि बेअरिंगाचा ठोकळा ६० मि.मी. असेल, तर दोन ठोकळे १०० मि.मी. अंतरावर बसविल्यास कमान ८४० मि.मी. धांवते, २५० मि.मी. अंतरावर बसविल्यास ६९० मि.मी. सहा इंच गेले! जेथें राऊटर गॅलरीच्या कोपऱ्यांत ठेवावयाचा आणि रात्रीं त्यावरच फळी टाकून सामान रचावयाचें, तेथें सहा इंच सोडणें जिवावर येतें. म्हणून तो बेअरिंगें जवळ आणतो आणि मोठी फळी घेतो. पहिल्याच मोठ्या कामांत कडा दांतेरी होतात, गोल लंबगोल होतो, प्लायवुडची अख्खी फळी फुकट जाते आणि गिऱ्हाईकहि जातें. लहान पण घट्ट यंत्रावर लहान कामें तरी नीट होतात. मोठें व सैल यंत्र कोणतेंच काम धड करीत नाहीं. सहा इंच सोडावे हेंच बरें.

कमानीचे पाय उंच असले तर हेंच दुखणें वाढतें. जाड लांकूड कापतां यावें म्हणून कित्येक जण पाय वीतभर अधिक उंच करतात आणि वर्षभर पातळ प्लायवुडच कापतात.

यंत्र पुरें झाल्यावर दोष कोठें आहे हें ताडण्यास मोठी सामग्री लागत नाहीं. चुंबकाच्या पायावर उभा राहणारा डायल गेज पलंगास चिकटवावा, त्याची सुई हत्याराच्या टोकाशीं लावावी, आणि रद्दीवाल्याजवळ असतो तसल्या स्प्रिंगच्या कांट्यानें टोक पांच किलोइतकें ओढावें. आंकडा टिपून कांटा सोडावा. सुई शून्यावर परतली तर तो लवचिकपणा होय. न परतली तर ढिलाई. मग डायल तुळईस लावून तेंच करावें, नंतर पायाच्या माथ्यास, नंतर खालच्या बेअरिंगापाशीं. टोकाशीं ०.३ आणि तुळईपाशीं ०.०५ आला, तर तुळई निर्दोष असून स्पिंडलच्या पाटीवरील बेअरिंगें उकलून दूर बसविलीं पाहिजेत. पायाच्या माथ्यापाशींच ०.२५ दिसला, तर वरचें कांहीं न उकलतां पाना खालच्या रेलीकडे न्यावा.