विद्येचा खर्च : मद्रासचा एक जमाखर्च

नोकरी सांभाळून पुढील पदवी मिळवू पाहणारा मनुष्य प्रथम शुल्काचा आकडा विचारतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु शुल्क हा त्या खर्चातील केवळ दिसणारा भाग होय. न दिसणारा भाग वेळेचा. दिवसातील टवटवीत तास कचेरीने आधीच विकत घेतलेले असतात, आणि जे थकलेभागलेले तास उरतात त्यांवर घरच्या मंडळींचाही हक्क असतो. ते तास परत मिळवावयाचे तर कोणाच्या पैशाने, हा खरा प्रश्न. मद्रास येथे तो एकदा अशा रीतीने सोडविला गेला की, त्या जमाखर्चाची वही शंभर वर्षांनंतरही पुन्हा उघडून पाहण्याजोगी आहे.

मद्रासचे नाव १९९६ साली चेन्नई झाले. बंदर मात्र होते तेथेच आहे. त्या बंदराच्या पोर्ट ट्रस्टमध्ये, हिशेबखात्यात, १ मार्च १९१२ रोजी चोवीस वर्षांचा एक कारकून रुजू झाला. पगार दरमहा तीस रुपये. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन्. त्याच्यापाशी पदवी नव्हती. कुंभकोणमच्या कॉलेजात एका सत्राचे शुल्क बत्तीस रुपये होते आणि कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या वडिलांचा पगार महिन्याकाठी सुमारे वीस रुपये. अशा घरात शिष्यवृत्ती गेली की कॉलेजही गेलेच. गणितापुढे इतर विषय नकोसे झाल्यामुळे ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजातून त्याने एफ्. ए. ची परीक्षा दिली, पण १९०७ साली तेथेही गणिताखेरीज इतर विषयांत तो नापास झाला.

त्यानंतरची त्याची खटपट नोकरीसाठी होती, आणि नोकरी हवी होती ती गणितासाठी. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर यांना तो भेटला. ही सोसायटी १९०७ सालची. तिचा ग्रंथसंग्रह पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असे, हे मराठी श्रोत्यांस ऐकून बरे वाटेल. या मंडळींच्या ओळखीने तो नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याकडे गेला. त्याची मागणी चमत्कारिक होती. पोटापुरते अन्न विनासायास मिळावे आणि विचार करावयास मोकळीक असावी, एवढेच तो मागत होता. रामचंद्र रावांनी स्वतःच्या खिशातून दरमहा पंचवीस रुपये देण्यास आरंभ केला. तथापि दुसऱ्याच्या पैशावर फार दिवस राहणे रामानुजन् यास प्रशस्त वाटेना, आणि शिष्यवृत्तीचे प्रयत्नही फळास येईनात. म्हणून त्याने पोर्ट ट्रस्टची जागा पत्करली. पंचवीसचे तीस झाले. पाच रुपये वाढले, आणि त्यापायी सबंध दिवस गेला!

उरलेल्या वेळात काय होत असे? सकाळी कचेरीपूर्वी गणित आणि सायंकाळी पुन्हा गणित. कागद परवडत नसे, म्हणून पाटीवर मांडावयाचे, कोपराने पुसावयाचे, आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवावयाचा. सुदैव एवढेच की कचेरीतील त्याचे वरिष्ठ एस्. नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार आणि त्या सोसायटीचे खजिनदार होते. हाताखालच्या कारकुनाबरोबर ते सायंकाळी पाटी घेऊन बसत. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कानी या कारकुनाची योग्यता त्यांनीच घातली. असा वरिष्ठ लाभणे ही शिष्यवृत्तीहून दुर्मिळ गोष्ट आहे, हे कोणताही नोकरदार मान्य करील.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन् याने केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले. त्यात त्याने आपला पगार सालीना वीस पौंड असा सांगितला. पंधरा रुपयांचा पौंड धरला तर तीनशे साठ रुपयांचे चोवीस पौंड होतात. हिशेबखात्यातील कारकुनाने स्वतःचेच चार पौंड गाळले, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पुढील महिन्यात सिमल्याच्या वेधशाळाखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले. रँग्लर परांजपे यांना १८९९ साली मिळालेला पहिल्या रँग्लरचा मान वॉकर यांनी त्याच्या दहा वर्षे आधी मिळविला होता. त्यांनी रामानुजन् याच्या वह्या पाहिल्या आणि विद्यापीठास लिहिले की, या तरुणास काही वर्षे पोटाच्या चिंतेतून सोडवावे. मद्रास विद्यापीठाची संशोधनवृत्ती दरमहा पंचाहत्तर रुपयांची होती, पण ती एम्. ए. झालेल्यांसाठी. येथे तर बी. ए. देखील नव्हते. सिंडिकेटमध्ये न्यायमूर्ती पी. आर. सुंदरम् अय्यर यांनी विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रस्तावनेवर बोट ठेवले: संशोधनास उत्तेजन देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य तेथेच सांगितलेले आहे. नियमाला वळसा न घालता नियमाच्या मुळाशी जाऊन काढलेला हा मार्ग होता. १ मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी वृत्ती मंजूर झाली. अट एकच, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावयाचा. पगाराच्या अडीचपट रक्कम, आणि दिवस सगळा आपला.

आजच्या सरकारी नोकरास अभ्यासरजेचे नियम आहेत. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजानियमांत पाच वर्षांची सेवा झालेल्यास साधारणतः एका वेळी बारा आणि सबंध सेवेत चोवीस महिने अशी रजा मिळू शकते. वेतन चालू राहते; शुल्क सामान्यतः ज्याचे त्याने भरावयाचे असते. मात्र अभ्यासाचा त्याच्या कामाशी निकट संबंध दाखवावा लागतो. रामानुजन् याची सेवा जेमतेम चौदा महिन्यांची, आणि बंदरातील हिशेबाशी बर्नुलीच्या संख्यांचा संबंध कोणत्या अर्जात दाखविता आला असता? रजा न घेता शिकणाऱ्यांसाठी त्याच मद्रास विद्यापीठाने १९८१ साली पत्रद्वारा शिक्षणाची संस्था काढली. ती सोय मोठीच. परंतु तीतही दिवसाच्या शेवटी उरलेले तासच कामी येतात.

जेथे असे विद्यापीठ किंवा असा वरिष्ठ भेटत नाही, तेथे मनुष्यास आपले तास स्वतःच विकत घ्यावे लागतात. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेच केले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांवर प्राध्यापक झाले. परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पगारातून शिल्लक टाकली. शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. तेथे १९२१ साली एम्. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. रुपयाची ओढाताण त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

रामानुजन् १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून इंग्लंडला निघाला. मद्रास विद्यापीठाने सालीना अडीचशे पौंड दिले. त्यांतील पन्नास घरी आईवडिलांकडे जात. केंब्रिजने १९१६ साली त्यास संशोधनावर बी. ए. दिली. ज्या पदवीवाचून वृत्ती अडली होती ती अशी मागाहून आली. १९१८ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. मग मद्रास विद्यापीठाने पाच वर्षांसाठी पुन्हा सालीना अडीचशे पौंड देऊ केले. यावर ११ जानेवारी १९१९ रोजी त्याने रजिस्ट्रार ड्यूस्बरी यांना इंग्लंडहून उत्तर लिहिले. ही रक्कम आपल्या गरजेहून पुष्कळ जास्त आहे. पन्नास पौंड आईवडिलांना द्यावेत आणि आपला आवश्यक खर्च भागल्यावर जे उरेल ते गरीब व पोरक्या मुलांच्या शाळेचे शुल्क कमी करण्याकडे आणि शाळांना पुस्तके पुरविण्याकडे लावावे, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र लिहिणारा त्या वेळी आजारी होता. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपट भागात तो वारला, तेव्हा त्या पाच वर्षांपैकी एकच वर्ष सरले होते.